डेन्व्हरचा मुक्काम

कॅल्डर पीकच्या बर्फात भारतातून माणसं आणायची, ही कल्पना गिरिजा पाठकचीच. कोलोरॅडोच्या डोंगरात, नऊ हजार आठशे फुटांवर, पाइनच्या जंगलात वसलेलं हे स्की रिसॉर्ट. अकरा लिफ्ट, चार हॉटेलं, स्वयंपाकाची सोय असलेल्या भाड्याच्या सदनिका, म्हणजे शंभरेक कॉन्डो, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत हटायचं नाव न घेणारा बर्फ. २००१च्या सप्टेंबरनंतर परदेशी पाहुण्यांचा ओघ जो आटला, तो तीन वर्षं झाली तरी पूर्वीसारखा झाला नव्हता. इंग्रज येत होते, पण निम्मेच. ब्राझीलची माणसं व्हिसाच्या रांगांना कंटाळून भलतीकडे वळली होती. मार्केटिंगचा मुख्य डग दर सोमवारी मीटिंगमध्ये भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "आता कोण?"

अशाच एका सोमवारी गिरिजा म्हणाली, "इंडिया."

सगळे हसले. तीही हसली, पण तिने तयारी केली होती. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची, अहमदाबादची हजारो कुटुंबं स्वित्झर्लंडला जातात, ती काही स्की करायला जात नाहीत, हे तिने समजावून सांगितलं. त्यांना बर्फात लोळायचं असतं, फोटो काढायचे असतात, संध्याकाळी गरम वरणभात खाऊन पत्ते कुटायचे असतात. एवढं आपल्यालाही देता येईल. डग म्हणाला, "ठीक आहे. हे तुझं मार्केट."

गिरिजा तेव्हा तिशीची होती. जन्म नागपूरचा, पण सातव्या वर्षी आईवडिलांबरोबर मिनेसोटात, ईडन प्रेरीला आली ती तिथलीच झाली. स्की शिकली ती शाळेच्या सहलींमध्ये. घरात मराठीच बोलायचं असा तिच्या आईचा, मीनाक्षीचा, दंडक होता, म्हणून मराठी टिकलं होतं. पण ते घरातलं मराठी. जेवणाखाणाचं, रागावण्याचं, आत्या-मावश्यांशी फोनवर बोलण्याचं. आता ते पोटापाण्याच्या कामी येणार याचंच तिला अप्रूप वाटलं.

वर्षभर ती खपली. दोनदा मुंबईच्या ट्रॅव्हल प्रदर्शनात स्टॉल लावून बसली. टूर कंपन्यांच्या मालकांना भेटली, घरोघरी चहा प्यायली. ठरलं असं, की जानेवारी २००६मध्ये आठ जणांना रिसॉर्टच्या खर्चाने बोलवायचं. त्यांनी बघावं, राहावं, आवडलं तर पुढच्या हिवाळ्यापासून आपले प्रवासी पाठवावेत.

त्यासाठी मराठीत माहितीपत्रक हवं होतं. ते गिरिजाने स्वतः लिहायला घेतलं. इंग्रजी पत्रकाच्या शेवटच्या पानावर उंचीबद्दल एक परिच्छेद होता. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पहिले दोन दिवस सांभाळून राहावं. एका जागी बसूनही दम लागत असेल, कोरडा खोकला थांबत नसेल, तर वाट न बघता दवाखान्यात यावं. अडलेल्या शब्दांसाठी तिने आईला फोन केला. 'समुद्रसपाटीपासूनची उंची' हे शब्द मीनाक्षीने सांगितले आणि तिने ते कागदावर उतरवून घेतले. पण मराठी पत्रकाला पानं कमी होती, आणि छापायला जायच्या आधी पुन्हा वाचताना तो परिच्छेद तिलाच खुपायला लागला. मस्त फोटो, सूप, घसरगाड्या, शेकोटी आणि शेवटी ही दुखण्यांची यादी. तिने डगला विचारलं.

"तू सुट्टी विकते आहेस," तो म्हणाला. "पण तुझं तू ठरव."

तिने तो परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी शाकाहारी जेवणाची माहिती टाकली.

दुसरी गोष्ट डेन्व्हरच्या मुक्कामाची. आधीच्या कार्यक्रमात पहिली रात्र डेन्व्हरला होती. ते शहर पाच हजार फुटांवर; तिथे एक रात्र झोपून मग वर आलं की शरीर जरा रुळतं. रिसॉर्टमध्ये कामाला लागल्यावर गिरिजाला पहिल्याच आठवड्यात हे कुणीतरी शिकवलं होतं. पण पुण्याहून चंद्रशेखर दात्यांचा फोन आला.

दाते म्हणजे त्या आठ जणांतले सगळ्यात मोठे. वय अठ्ठावन्न. तेवीस वर्षं युरोपच्या टूर्स नेत होते. आवाज खणखणीत, स्वभाव लाघवी. ते म्हणाले, "गिरिजाताई, ही डेन्व्हरची रात्र कशाला हो? आमची माणसं विचारतील, तिथे बघायला काय आहे? एक रात्र उगीच फुकट. ती काढा, वर एक दिवस जास्त द्या."

"ती जेट लॅगसाठी ठेवली होती, काका," गिरिजा म्हणाली.

"जेट लॅग आम्ही कोळून प्यायलोय!" दाते हसले.

खरं कारण तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बहुतेक ऐकलंही असतं. पण 'त्रास' हा शब्दच तिला तोंडातून काढायचा नव्हता. तिने कार्यक्रम बदलला.

रविवारी संध्याकाळी मंडळी आली. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून डेन्व्हर आणि मग तीन तास बस. दाते बसमधून उतरले आणि समोरचा उजळलेला डोंगर बघून त्यांनी दोन्ही हात पसरले. त्यांच्या मागून हातात स्टीलचा डबा धरून नंदाकाकू उतरल्या. त्यांच्या पत्नी. दात्यांच्या टूरबरोबर स्वयंपाकाचं सगळं त्याच बघायच्या. बुटक्या, काटक, अबोल. गिरिजाने त्यांना नमस्कार केला तर त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "किती बारीक गं तू."

सोमवारचा दिवस फार छान गेला. नाशिकचा श्रीरंग, या मंडळीतला सगळ्यात तरुण टूरवाला, पहिल्याच तासात सात वेळा पडला आणि सातही वेळा हसत उठला. दाते स्कीच्या नादी लागले नाहीत. रबरी ट्यूबमध्ये बसून उतारावरून घसरत खाली आले आणि पुन्हा वर गेले. दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्यांनी गोळी घेतली.

संध्याकाळी गिरिजा त्यांच्या कॉन्डोत डोकावली तेव्हा नंदाकाकू शेगडीपाशी उभ्या होत्या. "दीड तास झाला," त्या म्हणाल्या, "डाळ शिजतच नाहीये. कुकर आणायला हवा होता."

"अगं, उंचीवर पाणी कमी तापूनच उकळतं," कोचावर आडवे पडलेले दाते म्हणाले. "आपण स्वित्झर्लंडमध्ये जुंगफ्राउला जातो ना, तसंच हे."

"तिथे आपण दोन तास जातो," काकू म्हणाल्या. "झोपायला खालीच असतो."

गिरिजाने हे ऐकलं. त्या बाईने सहज बोलता बोलता नेमकं वर्म सांगितलं होतं. पण दाते हसले, तीही हसली, आणि मग श्रीरंग आला आणि पत्ते वाटले गेले.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या वेळी दाते खोकत होते. कोरडा, खणखणीत खोकला. ताटातलं त्यांनी जवळजवळ काहीच खाल्लं नाही. कॉन्डोतून जेवणघरापर्यंत जेमतेम शंभर पावलं चालून आल्यावर त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं. ओठ जरा काळसर दिसत होते, पण सगळ्यांचेच ओठ थंडीने फुटले होते.

नंदाकाकूंनी गिरिजाला बाजूला घेतलं. "रात्रभर ह्यांना झोप नाही. बसून काढली रात्र. म्हणतात, आडवं झालं की कोंडतं. इथे डॉक्टर आहेत ना?"

दवाखाना जेवणघराच्या खिडकीतून दिसत होता. लाल अक्षरांची पाटी, दारात बर्फ काढायचं फावडं टेकून ठेवलेलं. चालत दोन मिनिटं.

आणि तीन वाजता मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. रिसॉर्टचे प्रेसिडेंट येणार होते, दाते सगळ्यांच्या वतीने बोलणार होते आणि पुढच्या हिवाळ्यात तीनशे प्रवासी पाठवण्याच्या पत्रावर सह्या व्हायच्या होत्या. सव्वा वर्षाच्या मेहनतीचा हा दिवस. गिरिजाने खिडकीतून त्या पाटीकडे पाहिलं. आठ पाहुण्यांपैकी सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, तर बाकीचे सात जण काय म्हणतील, हे तिच्या मनात आलं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, तिने गाळलेला परिच्छेद शब्दन् शब्द तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. कोरडा खोकला. बसूनही दम. वाट न बघता.

"दगदग झालीय, काकू," ती म्हणाली. "हवा ड्राय आहे इथली, सगळ्यांना खोकला होतो. आजचा प्रोग्रॅम होऊ दे, उद्या सकाळी फर्स्ट थिंग मी स्वतः घेऊन जाते."

"उद्या नक्की?"

"नक्की. प्रॉमिस."

काकूंनी मान हलवली. ही मुलगी इथली, हिला कळतं, असा त्यांचा भरवसा.

तीन वाजता दाते बोलायला उभे राहिले. दर तीन-चार शब्दांनी थांबत होते. लोकांना वाटलं, भरून आलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी सही केली, प्रेसिडेंटशी हात मिळवला आणि खुर्चीत बसले ते श्रीरंगने हात देईपर्यंत उठलेच नाहीत. पाच वाजता दवाखाना बंद झाला. बंद झाल्याचं गिरिजाला ठाऊक होतं, कारण तिने घड्याळ बघितलं होतं.

बुधवारी सकाळी सव्वासहाला श्रीरंगचा फोन आला. "लवकर ये. काका बोलत नाहीयेत."

ती पोचली तेव्हा अँब्युलन्सची माणसं आत होती. दात्यांना जमिनीवर निजवलं होतं. तोंडाशी गुलाबी फेस होता. काकू शेजारी बसून त्यांच्या पायाचे तळवे चोळत होत्या. दुसऱ्या कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माणसांनी पाऊण तास प्रयत्न केले. मग त्यांच्यातली एक जण उठली, तिने हातमोजे काढले आणि गिरिजाकडे पाहिलं. सांगायचं काम गिरिजाचं होतं. 'ते गेले' हे दोन शब्द तिला मराठीत येत होते, पण ते याआधी तिने कधी कुणाला सांगितले नव्हते.

तिला सांगावं लागलंच नाही. तिचा चेहरा बघून काकूंनी तळवे चोळणं थांबवलं आणि दात्यांची विस्कटलेली शाल नीट केली.

दुपारी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कॉरोनरच्या ऑफिसातून कॅरल नावाची बाई आली. अचानक झालेल्या मृत्यूची चौकशी करणं हे तिचं काम. साठीची, करड्या केसांची, हळू बोलणारी. त्याआधी तासभर कंपनीच्या वकिलाने गिरिजाला फोनवर सांगून ठेवलं होतं: "तू तिथे फक्त दुभाषी आहेस. विचारतील तेवढंच. स्वतःहून काही बोलू नकोस." डगने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "तुझा यात काही दोष नाही," तो म्हणाला होता. काय झालं, हे तर तिला कुणीच विचारलेलं नव्हतं.

ऑफिसातल्या छोट्या खोलीत तिघी बसल्या. कॅरलने आधी दुःख व्यक्त केलं. मग वय, औषधं, हृदयाचा त्रास, रक्तदाब. काकू मराठीत उत्तरं देत होत्या, गिरिजा इंग्रजीत सांगत होती. काकूंचा आवाज सपाट होता. डोळ्यांत पाणी नव्हतं.

मग कॅरलने विचारलं, "त्रास होतोय हे त्यांनी किंवा तुम्ही रिसॉर्टच्या कुणाला सांगितलं होतं का?"

गिरिजाने प्रश्न मराठीत सांगितला. जसाच्या तसा. तेवढं तिने केलं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "तुलाच तर सांगितलं होतं. काल जेवताना. डॉक्टरकडे नेऊ या म्हटलं, तर तू म्हणालीस उद्या नेते."

कॅरल पेन धरून थांबली होती. बाहेर कुणीतरी फावड्याने पायऱ्यांवरचा बर्फ खरवडत होतं. गिरिजा इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतायत, ते दमले होते. दगदगीने झालं असेल असं त्यांना वाटलं, म्हणून आज दाखवायचं ठरलं होतं."

कॅरलने लिहून घेतलं.

काकूंनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला, घोटभर पाणी प्यायल्या आणि पेला होता तिथे परत ठेवला.

शवविच्छेदनात निघायचं ते निघालं. उंचीमुळे फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. हृदय ठणठणीत होतं. पुढचे चार दिवस गिरिजाने झोप अशी घेतलीच नाही. काउंटीचे दाखले, वकिलातीचा कागद, विमान कंपनीची परवानगी, शवपेटी. दात्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई पुण्यात होती. तिला मुलाचं तोंड दाखवायचं, म्हणून इथे अग्नी द्यायला काकूंनी नकार दिला. पुण्याहून त्यांचा मुलगा प्रसन्न दिवसातून सहा वेळा फोन करायचा आणि गिरिजाला म्हणायचा, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. आईला तिथे कोण होतं?" प्रत्येक वेळी ती "अरे, असं काय" म्हणायची आणि फोन ठेवून पुढच्या कागदाकडे वळायची.

बाकीची मंडळी आधीच गेली. सोमवारी गिरिजाने काकूंना स्वतः गाडीने डेन्व्हरला नेलं. पेटी आधीच विमानतळाच्या माल विभागात पोचली होती.

तपासणीच्या रांगेपाशी गिरिजा थांबली. इथून पुढे तिला जाता येणार नव्हतं. काकूंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"त्या बाईंना तू खोटं सांगितलंस," त्या म्हणाल्या.

गिरिजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तेवीस वर्षं युरोपात भाजी आणतेय मी. बोलता नाही आलं तरी कळतं सगळं. टायर्ड म्हणालीस. मी टायर्ड म्हटलंच नव्हतं."

"काकू..."

"तेव्हाच बोलले असते. मग त्या बाईंनी आणखी विचारलं असतं, आणखी कागद, आणखी आठ दिवस. सासूबाई तिकडे जेवत नाहीयेत. मला ह्यांना घरी न्यायचं होतं." त्यांनी पिशवी उचलली. आवाज चढला नव्हता. "मी कुणाला सांगणार नाही. प्रसन्नलाही नाही. तो डोक्यात राख घालून घेईल. पण तू मला मावशी-काकू म्हणू नकोस यापुढे."

आणि त्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. बूट काढले, ट्रेमध्ये ठेवले. मागे वळून बघितलं नाही.

गिरिजा परत वर गेली आणि कामाला लागली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. डगने तिला चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं, तिने घेतली नाही. सही झालेलं पत्र रद्द झालं नव्हतं. बाकीच्या टूरवाल्यांनी शोकसंदेश पाठवले आणि शेवटी पुढच्या हिवाळ्याच्या तारखाही विचारल्या. श्रीरंगने तर लिहिलं, काकांची इच्छा होती, आपण पुढे न्यायला हवं. फेब्रुवारीत नव्या पत्रकाची बैठक झाली. उंचीबद्दल काही टाकायचं का, असं तिने विचारलं. वकिलाचं म्हणणं पडलं की आत्ताच टाकलं तर आधी नव्हतं हे उघड होईल. एखादं वर्ष जाऊ द्यावं.

टेबलाभोवती सहा माणसं होती, सगळी चांगली माणसं. कुणाच्या आजारी मुलाची ती विचारपूस करायची, कुणी तिला सोमवारी केक आणून द्यायचं. सगळ्यांनी मान डोलावली. गिरिजाने पाहिलं, तिचीही मान हलली होती.

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता ती खाली काउंटीच्या गावी गेली आणि कॅरलच्या दारात जाऊन उभी राहिली.

कॅरलने तिला बसवलं. गिरिजाने सगळं सांगितलं. जेवणघर, खिडकीतून दिसणारा दवाखाना, तीन वाजताचा कार्यक्रम, गाळलेला परिच्छेद, डेन्व्हरचा मुक्काम. काकूंचं खरं उत्तर तिने आधी मराठीत म्हणून दाखवलं आणि मग इंग्रजीत. कॅरल लिहून घेत होती.

"मृत्यूचं कारण यामुळे बदलत नाही," लिहून झाल्यावर ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ना? यावरून कुणावर खटला भरला जाईल, असं मला वाटत नाही. मी फक्त जबाब दुरुस्त करू शकते."

"तेवढं करा," गिरिजा म्हणाली.

"त्या दिवशी का नाही सांगितलं?"

गिरिजाने उत्तर शोधलं. वकिलाचं नाव पुढे करता आलं असतं, डगचं करता आलं असतं. "मला भीती वाटली," ती म्हणाली. "आणि त्यांना इंग्रजी येत नाही असं मला वाटलं."

कॅरलने पेनचं टोपण लावलं.

दुरुस्त अहवालाची प्रत रिसॉर्टलाही गेली. तीन आठवड्यांनी डगने तिला बोलावून सांगितलं की विभागाची फेररचना होते आहे आणि तिची जागा राहणार नाही. त्याला वाईट वाटत होतं. "तुला कुणी विचारलं नव्हतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "तुला कुणीही विचारलं नव्हतं."

एप्रिलमध्ये, उतारांवर अजून बर्फ असताना, तिने सामान गाडीत भरलं आणि ईडन प्रेरीला आईवडिलांकडे आली. मीनाक्षीने कारण विचारलं. गिरिजाने सांगितलं तेव्हा ती माऊली बराच वेळ पोळपाटावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "तो शब्द मीच सांगितला होता ना तुला, उंचीचा?" आणि रडायला लागली. वडील गिरिजाशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता तिच्या गाडीचं तेल बदलून आणलं.

दुरुस्त अहवालाची एक प्रत तिने पुण्याला पाठवली, सोबत एक पत्र. देवनागरीत लिहायची सवय नव्हती. चार ओळींना दीड तास लागला. 'काकू' असं लिहायचं नाही, तर काय लिहायचं, ते कळेना. शेवटी मायना न लिहिताच तिने पत्र सुरू केलं. पाकिटावर नाव मात्र प्रसन्नचं न घालता श्रीमती नंदा दाते असं घातलं.

मे महिना सरत आला तरी काही उत्तर नव्हतं. मग एका शनिवारी सकाळी फोन वाजला. ईडन प्रेरीला नऊ वाजले होते, बाहेर वडील यंत्राने हिरवळ कापत होते. फोन मीनाक्षीने उचलला आणि काही न बोलता तिच्या हातात दिला.

"मी नंदा दाते."

"हो," गिरिजा म्हणाली. तिने जाऊन मागचं दार लावलं, तेव्हा कुठे यंत्राचा आवाज कमी झाला.

"तुझं पत्र मिळालं. कपाटात ठेवलंय. प्रसन्नला दाखवलं नाही अजून." फोनमध्ये खरखर होती. "गेल्या महिन्यात सासूबाई वारल्या. टूर्स बंद केल्या आम्ही."

"मला माहीत नव्हतं."

"तुला एक विचारायचंय. म्हणून फोन केला, दुसऱ्या कशाला नाही." मागे कुठेतरी घरातली भांडी वाजत होती. "इथे येतो तो प्रत्येक जण म्हणतो, त्यांची वेळ आली होती. भटजी म्हणतात, डॉक्टर म्हणतात, माझा भाऊ म्हणतो. मी मान हलवते. तू तिथे होतीस. मंगळवारी दुपारी त्या दवाखान्यात नेलं असतं, तर?"

गिरिजाला सगळं माहीत होतं. दरम्यान तिने त्या दुखण्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. ऑक्सिजन लावला असता, तीन तासांत खाली डेन्व्हरला उतरवलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी ते कॉटवर बसून विनोद सांगत असते. सांगता येत नाही, असंही म्हणता आलं असतं. कुणाला खात्रीने सांगता येतं, असंही म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटं ठरलं नसतं.

"वाचले असते," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो. जवळजवळ नक्की. दुपारी नेलं असतं तर वाचले असते."

"म्हणजे वेळ नव्हती आली."

"नाही."

काकूंनी श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग पलीकडे त्या रडायला लागल्या. चार महिन्यांत त्या रडल्या होत्या की नाही, गिरिजाला माहीत नव्हतं. ते रडणं बारीक, लांबत जाणारं होतं आणि मधेच अडकत होतं. गिरिजाने फोन कानाला धरून ठेवला. सॉरी म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं. बऱ्याच वेळाने पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"बरं," नंदा दाते म्हणाल्या. "ठेवते."

आणि फोन बंद झाला.

गिरिजा तिथेच स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसली. बाहेर यंत्र थांबलं होतं. मीनाक्षी दाराशी आली, तिने मुलीकडे पाहिलं, आत यावं की न यावं ते तिला कळेना, आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.